आधी भिंत, मग हत्यारे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरच्या गॅरेजमध्ये छोटी कार्यशाळा थाटणारे बहुतेक जण शंभर नगांच्या हत्यारांच्या पेटीपासून सुरुवात करतात. त्यातले निम्मे पाने कधी हातातही येत नाहीत. ८, १०, १३ आणि १७ मिमीचे चांगल्या पोलादाचे पाने सुटे घ्या, बहुतेक घरगुती कामे त्यांवर निघतात. स्क्रू ड्रायव्हर घेताना स्क्रूचे डोके नीट पाहा. फुलीच्या चार भुजांमध्ये बारीक रेघा असतील तर तो पोझिड्राइव्ह प्रकारचा स्क्रू. त्याला साध्या फुलीचा, म्हणजे फिलिप्स, ड्रायव्हर लावला की टोक निसटते आणि खाच झिजून गुळगुळीत होते.

खरी फसगत होते ती भिंतीवरच्या फळ्यांची. ८ मिमी जाडीच्या गिट्टीला (स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात घालायची प्लास्टिकची नळी) भोकही ८ मिमीचेच हवे, गिट्टीपेक्षा किमान १० मिमी खोल, आणि आतली भुकटी फुंकून पूर्ण काढलेली. ती राहिली की गिट्टी अर्ध्यावर अडते. गिट्टी प्लास्टरमध्ये नव्हे, पलीकडे विटेत बसली पाहिजे. ४० मिमी लांबीची गिट्टी, २० मिमी जाडीचे प्लास्टर आणि फळीचे ३ मिमी जाडीचे ब्रॅकेट असेल तर स्क्रू ७० मिमीचा घ्यावा व भोक त्याहून खोल पाडावे. आखूड स्क्रूवर ड्रिल, करवत असे जड सामान ठेवले की फळी प्लास्टरसकट खाली येते. कृपया हे टाळा!

स्क्रू-खिळे पारदर्शक बरण्यांत, मापानुसार ठेवावेत. ड्रिलच्या लिथियम बॅटऱ्या मात्र तापणाऱ्या पत्र्याखाली नकोत, घरात ठेवा.

आपला,
एक वाचक