चार मतं देणारा एक पुणेकर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर ‘पुणेकरांचा कौल : डीजे नकोच!’ हा मथळा वाचला. निकाल माझ्या मनासारखाच आहे. विसर्जनाच्या रात्री आमच्या फडताळातली भांडी वाजतात, तेव्हा डीजेवाल्यांची बाजू घ्यायला हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगतो. अडचण अशी की आपल्या संकेतस्थळावर घेतलेल्या त्या कौलात माझी एकट्याची चार मतं आहेत. एक माझ्या मोबाइलवरून, एक मुलाच्या लॅपटॉपवरून, एक सूनबाईंच्या टॅबवरून आणि चौथं परत माझ्याच मोबाइलवरून, नातवाने ‘इनकॉग्निटो’ म्हणून काहीतरी उघडून दिलं त्यातून. चारही वेळा ‘आपले बहुमूल्य मत नोंदवल्याबद्दल धन्यवाद’ असं आलं. कोकणात देवाला कौल लावतात, तिथेही पाकळी मनाविरुद्ध पडली तर काही जण पुन्हा लावतात. पण निदान गुरव समोर बसलेला असतो.

नोकरीची तीस वर्षं मी नमुना पाहणीच्या कामात काढली. गावात गेलं की आधी सगळ्या घरांची यादी करायची. मग त्यातून निव्वळ योगायोगाने जे आकडे निघतील, त्याच घरांची कडी वाजवायची. कुलूप असेल तर संध्याकाळी परत, नाहीतर दुसऱ्या दिवशी. समोरच्या ओट्यावर चहा घेऊन ‘या साहेब, मला विचारा’ म्हणणारा गृहस्थ बसलेला असायचा, त्याला नमस्कार करून पुढे जायचं. कारण आपणहून बोलायला आलेला माणूस हा गावातला सर्वसाधारण माणूस नसतो. त्याला काहीतरी पोचवायचं असतं. आपल्या कौलात नेमका तोच येतो, आणि आपण त्याला ‘पुणेकर’ म्हणता.

हजारो मतं आली, असं बातमीत अभिमानाने म्हटलं आहे. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाकडे वीस लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या होत्या. त्या जोरावर त्यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार म्हणून छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. डायजेस्टच्या याद्या मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या होत्या, त्यातही ज्यांना हौस त्यांनीच उत्तरं पाठवली. दोन वर्षांत साप्ताहिक बंद पडलं. आपलं तसं होऊ नये, मी वर्षाची वर्गणी भरली आहे.

हे सगळं एवढं लागायचं कारण आमची सोसायटी. गेल्या महिन्यात रात्री पावणेअकराला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोल आला : ‘सुरक्षेसाठी मागचं फाटक बंद करावं का?’ पर्याय दोन. ‘होय, आजपासून’ आणि ‘होय, एक तारखेपासून’. सकाळी आठला ‘भरघोस प्रतिसाद, निर्णय झाला’ असा मेसेज, खाली चार हात जोडलेले. बी विंगमधल्या एका घरातली तीन मतं होती, कारण तिघेही ग्रुपवर आहेत. तळमजल्यावरच्या आजींचं शून्य, कारण त्यांच्याकडे बटणांचा फोन. त्या फाटकातून रोज सकाळी दुधाला आणि मारुतीला जाणाऱ्या मात्र त्याच. आता गुडघे धरत अख्खा वळसा घालून जातात.

मी जुन्या सवयीने वही काढली. फ्लॅट ४८. तीन संध्याकाळी फिरलो, ४४ घरं भेटली. घरटी एकच मत घेतलं आणि पर्याय न देता विचारलं, ‘फाटकाचं काय करावं?’ २९ घरांनी एकच गोष्ट सांगितली : रात्री बंद ठेवा, पण किल्ली द्या. किल्लीचा पर्याय पोलमध्ये नव्हताच! यांतल्या कित्येकांनी पोलमध्ये ‘होय’ दाबलेलं होतं. वही घेऊन सेक्रेटरींकडे गेलो तर म्हणाले, ‘काका, पोल क्लोज झालाय.’

ऑनलाइन म्हणजे थापा, असं माझं म्हणणं नाही. नेदरलँड्समध्ये २००७ पासून ‘लिस’ नावाची ऑनलाइन पाहणी चालते. लोकसंख्येच्या नोंदवहीतून घरं योगायोगाने निवडतात, आपणहून कोणालाही शिरता येत नाही आणि ज्यांच्याकडे संगणक-इंटरनेट नाही त्यांना ते पुरवतात. म्हणजे आमच्या आजी तिथे असत्या तर त्यांचंही मत आलं असतं. आपल्याकडचे हुशार लोक म्हणतील, म्हातारे कमी आले तर त्यांच्या उत्तरांना वजन जास्त द्या. द्या की, पण एकही आलं नसेल तर शून्याला कितीने गुणणार? आणि आलेला माणूस खरं सांगतो का, हेही मधूनमधून तपासावं लागतं. अमेरिकेच्या प्यू या जनमत पाहण्या करणाऱ्या संस्थेने २०२२ साली आपणहून ऑनलाइन नाव नोंदवणाऱ्यांना विचारलं, अणुपाणबुडी चालवायचा परवाना आहे का? तिशीच्या आतल्या १२ टक्क्यांनी ‘आहे’ म्हणून सांगितलं. आमच्या नातवाने विनाहेल्मेट स्कूटर चालवली तरी मला धाप लागते.

आपल्याला एवढं सगळं जमणार नाही, कळतं. निदान कौलाखाली बारीक अक्षरात का होईना छापा : मतं किती, कोणत्या तारखांना घेतली, एका माणसाला किती वेळा देता येतात, आणि प्रश्न शब्दशः काय होता. (‘कानठळ्या बसवणारा डीजे हवा का?’ असा होता. याला हो कोण म्हणणार?) मथळ्यात ‘पुणेकर’ऐवजी ‘आमच्या संकेतस्थळावर आलेले वाचक’ म्हणा. लांब होईल, पण जागा आहे. त्याच पानावर ज्योतिषाची जाहिरात चार रकान्यांत आली आहे.

आणि एक. सोमवारच्या शब्दकोड्यात आडव्या १४ ची सूचनाच छापलेली नव्हती, आणि मंगळवारी उत्तर आलं ते भलत्याच कोड्याचं. ते शब्दकोडं अर्धवट सोडवून ठेवलं आहे. कृपया खुलासा व्हावा.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
सिंहगड रस्ता, पुणे