शून्य दाखवणारा डिटेक्टर आंधळा असू शकतो : कामगारमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कामगारमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

कारखाने तपासणीचा नवा तक्ता हाती आला. गॅस डिटेक्टर बसवला आहे का, पडदा चालू आहे का, कॅलिब्रेशनचे (ठाऊक प्रमाणाच्या गॅसशी आकडा जुळवल्याचे) स्टिकर आहे का, एवढ्या तीन चौकटी त्यात आहेत. प्रत्यक्ष गॅस देऊन चाचणी घेण्याची चौथी चौकट आपण सभागृहात कबूल केली होती. ती कुठे गेली?

ही बाब किरकोळ नाही. ज्वलनशील गॅससाठीच्या कॅटॅलिटिक सेन्सरमध्ये दोन तापलेले मणी असतात. एकावर गॅस जळतो, दुसरा तुलनेसाठी. जवळपास कोणी सिलिकॉनचा स्प्रे मारला की त्याची वाफ पहिल्या मण्यावर थर धरते आणि मणी निकामी होतो. तरी दोन्ही मणी तापलेलेच राहतात, त्यांची तुलना करणारे सर्किट, म्हणजे ब्रिज, समतोल राहतो, पॅनेलकडे जाणाऱ्या लूपमध्ये ४ मिलीअँपिअर, म्हणजे शून्याचा संकेत, येत राहतात. पॅनेलवर शून्य आणि हिरवा दिवा. तुमच्या तिन्ही चौकटींत बरोबरची खूण होते, आणि त्या यंत्रावर विसंबून माणूस टाकीत उतरतो.

हे कळायला गॅसच द्यावा लागतो. हवेत मिसळलेला २.५ टक्के मिथेन, म्हणजे एलईएल (हवेत गॅस पेट घेऊ शकतो ती किमान मर्यादा) ५ टक्के धरली तर तिच्या निम्मा. सेन्सरच्या तोंडावर गॅस देण्याची कॅलिब्रेशन कॅप लावायची, उत्पादकाने सांगितलेला प्रवाह ठेवायचा, आकडा स्थिरावू द्यायचा. शून्य ते १०० टक्के एलईएलच्या डिटेक्टरवर ४ मिलीअँपिअर म्हणजे शून्य आणि २० म्हणजे १०० टक्के, म्हणून मीटरने १२ मिलीअँपिअर दाखवले पाहिजेत. ६ च दाखवले तर यंत्र ५० टक्क्यांना साडेबारा टक्के समजते आहे. अलार्म २० टक्क्यांवर, म्हणजे ७.२ मिलीअँपिअरवर लावलेला असेल तर एवढ्या गॅसला तो वाजणारच नाही.

अशा वेळी स्पॅन (संकेत किती पट मोठा करून दाखवायचा ती जुळवणी) वाढवून आकडा जुळवतात, हे मुळात चूक. आकडा हळूहळू चढून शेवटी नीट पोहोचत असेल तर तोंडावरची धातूची जाळी धुळीने किंवा रंगाने बुजलेली असते. ती बदलून पुन्हा गॅस द्यावा. चटकन चढून खालीच अडकत असेल तर, सिलिंडर मुदतीतला आणि प्रवाह बरोबर असल्याची खात्री करून, सेन्सर बदलावा. मरत आलेल्या सेन्सरला स्पॅन वाढवून ओढत नेऊ नये.

वायरिंगचेही तेच. पॅनेलवर २४ व्होल्ट आहेत म्हणून डिटेक्टरला तेवढे मिळतातच असे नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलला किलोमीटरभर अंतरावर जाऊन-येऊन सुमारे २४ ओहम रोध असतो. डिटेक्टर २५० मिलीअँपिअर घेत असेल तर ६ व्होल्ट वाटेतच जातात. म्हणून व्होल्टेज डिटेक्टरच्या टर्मिनलवर, तो चालू असताना मोजायचे. केबलची शील्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) दोन्ही टोकांना अर्थ केली की मोठी मोटर सुरू होताना आकडा उडतो. केबल आत शिरते त्या ग्लँडमधून पाणी शिरले तरी खोटे अलार्म येतात. मग कोणीतरी वैतागून अलार्म दाबून ठेवणारा बायपास लावतो आणि तो काढायचा राहून जातो.

मंत्रिमहोदय, दोष एका चौकटीपुरता नाही. सगळी व्यवस्थाच कागद पाहते, यंत्र पाहत नाही. एका तंत्रज्ञाच्या नावावर एका दिवसात ४० डिटेक्टरांचे कॅलिब्रेशन नोंदलेले असते. एकाला १५ मिनिटे धरली तरी १० तास होतात, तेही शिडी न हलवता. हा हिशोब कोणी करत नाही. काम सर्वांत कमी दर देणाऱ्याला जाते, आणि अपघात झाला की शिडीवर चढणाऱ्यावर बोट रोखले जाते. आम्हा देखभाल करणाऱ्यांना हे सहन होत नाही.

तक्ता मागे घ्या. प्रत्येक डिटेक्टरसमोर चार नोंदी सक्तीच्या करा : जुळवणीपूर्वी गॅस दिल्यावर आलेला आकडा, तो चढायला लागलेले सेकंद, सिलिंडरची मुदत आणि बायपास काढल्याची वेळ. पहिली नोंद कोरी असेल तर ती चाचणी धरूच नका. आणि निरीक्षकाने स्वतः निवडलेल्या एका तरी डिटेक्टरला आपल्या डोळ्यांसमोर गॅस द्यायला लावावा.

आपला,
गॅस डिटेक्टरांची देखभाल करणारा एक तंत्रज्ञ