नकाशा वस्तीत आणा

सोलापूरच्या हद्दवाढ भागातील शेतीसाठी राखलेल्या जमिनी रहिवासी करणे आणि चटईक्षेत्र (म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येते ते प्रमाण) वाढवणे यावर हरकती-सूचना मागवल्याचे वृत्त वाचले. घरे वाढायलाच हवीत, त्याला माझा विरोध नाही. मात्र महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ ने दिलेला हरकतीचा हक्क नुसत्या नोटिशीने पुरा होत नाही. मी या बदलाचा नकाशा पाहायला गेलो, तर गट क्रमांक इतके बारीक की चष्मा लावूनही आमची गल्ली सापडेना.

१९९२ च्या हद्दवाढीने शहर ३३ वरून सुमारे १७८ चौरस किलोमीटरचे झाले. शेळगी, बाळे, सोरेगाव तेव्हाच शहरात आले. आजही आमच्या दारात पिंपे भरून ठेवावी लागतात, कारण उजनी धरणाचे पाणी रोज येत नाही. दोन मजल्यांच्या जागी सात मजले उभे राहिले तर त्याच जलवाहिनीवर किती कुटुंबे येतील, हे नकाशासोबत लिहून द्यावे. सुनावणी प्रत्येक वस्तीत, संध्याकाळी, कामगार घरी परतल्यावर घ्यावी. आणि माहितीपत्रक मराठीबरोबर तेलुगू व कन्नडमध्येही छापावे. शहराच्या पूर्व भागातून इकडे राहायला आलेल्या कित्येक घरांत त्याच भाषा बोलल्या जातात.

– एक रहिवासी, शेळगी, सोलापूर