ती खिंड आहे हो, शिखर नव्हे!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही स्वित्झर्लंडच्या युंगफ्राऊयोखवर पानभर लेख छापलात, फोटो छान, पण फोटोखाली मोठ्या अक्षरात ‘युरोपातलं सर्वांत उंच शिखर’ असं लिहिलंय ते वाचून चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे खोड काही जात नाही, माफ करा.

ते शिखर नाहीये. युंगफ्राऊ नावाचं शिखर आहे ते वेगळं, ४१५८ मीटर, आणि तिथे ट्रेन जात नाही. ट्रेन जाते ती युंगफ्राऊ आणि मोंख या दोन शिखरांमधल्या खिंडीत. जर्मनमध्ये ‘योख’ म्हणजे जू, बैलांच्या मानेवरचं असतं ना तेच, दोन शिखरांच्या मधे जू ठेवल्यासारखी ती खिंड दिसते म्हणून. तिथलं स्टेशन ३४५४ मीटरवर आहे आणि ते युरोपातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन, एवढंच खरं. ‘टॉप ऑफ युरोप’ हे जाहिरातीचं नाव आहे हो, नुसतं मों ब्लां हे शिखरच ४८०० मीटरच्या वर आहे.

आणि लेखात ट्रेनबद्दल दोनच ओळी! म्हणजे लग्नाला जाऊन नुसतं आइस्क्रीम कसं होतं ते सांगण्यासारखं झालं. अडोल्फ गुयर-झेलर नावाच्या उद्योगपतीला १८९३ साली ही कल्पना सुचली, १८९६ ला काम सुरू झालं, आणि गडी १८९९ मध्ये गेलासुद्धा, ट्रेन वर पोचली १ ऑगस्ट १९१२ ला. सात वर्षांत होईल म्हणत होते, सोळा लागली. रूळ साधारण सव्वानऊ किलोमीटर, त्यातले सातच्या वर मोंख आणि त्याच्या शेजारचा आयगर डोंगर, या दोघांच्या पोटातल्या बोगद्यात. खोदणारे मजूर बहुतेक इटलीचे, सुरुंगाच्या स्फोटांत आणि अपघातांत कितीतरी मेले. बोगदा कशाला तर उघड्यावर रूळ टाकले असते तर बर्फाच्या लोटांनी टिकू दिले नसते, आत आहे म्हणूनच भर हिवाळ्यात पण ट्रेन चालते. चढ काही ठिकाणी चाराला एक, म्हणजे चार मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, नुसती चाकं घसरतीलच, म्हणून रुळांच्या मधोमध दातांची पट्टी आणि डब्याखाली दातेरी चाक. उतरताना हीच ट्रेन वीज तयार करून परत तारेत सोडते! हे सगळं आमच्या टूर मॅनेजरला माहीत नव्हतं, त्याला लंच किती वाजता आहे ते माहीत होतं.

आता आमची गोष्ट. मागच्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघं एका टूर कंपनीबरोबर गेलो, नाव घेत नाही. सकाळी ग्रिंडेलवाल्ड गावाहून ती नवी गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा पाळणा, २०२० साली सुरू झालेली, पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशन, तिथून ट्रेन. ९४० मीटरवरून जवळजवळ साडेतीन हजारांवर पाऊण तासात! आमचे हे एकाहत्तर वर्षांचे. वर हवेचा दाब आपल्याकडच्यापेक्षा एक तृतीयांशाने कमी असतो हे मला माहीत होतं पण मी पण उत्साहात विसरले. पर्समध्ये सांगलीच्या भडंगाचं पाकीट होतं, ते बाहेर काढलं तर फुग्यासारखं टम्म फुगलेलं, ग्रुपमधली पोरं हसायला लागली, मी त्यांना तिथेच हवेच्या दाबाचा धडा दिला, आणि मागे वळून बघते तर हे बर्फाच्या गुहेच्या तोंडाशी कठड्याला धरून उभे, डोकं गरगरतंय म्हणाले. बसवलं, पाणी पाजलं, पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटलं. पण ‘वर गेल्यावर हळू चाला, जिने धावत चढू नका, छातीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा’ एवढं वाक्य कंपनीने आदल्या दिवशी बोलायला काय जात होतं? ग्रुपमध्ये निम्मे लोक साठीच्या पुढचे.

त्यात त्या दिवशी सगळीकडे ढग. पांढरं म्हणजे पांढरं, कापसाच्या गोदामात उभं राहिल्यासारखं. वरचे लाइव्ह कॅमेरे खाली हॉटेलात बसून मोबाईलवर दिसतात, फुकट, सकाळी सहा वाजता कुणी बघितले असते तर कळलं असतं, पण तिकिटं आधीच काढलेली आणि दुसऱ्या दिवशीचं शेड्यूल ठरलेलं. सवलत नसेल तर इंटरलाकेनपासून माणशी दोनशे फ्रँकच्या वर जातात हो, ढग बघायला!

सगळे वरच्या भारतीय हॉटेलात डाळभातावर बसले, ह्यांनाही तिथेच बसवलं आणि मी लिफ्टने स्फिंक्स नावाच्या वेधशाळेच्या गच्चीवर गेले, ३५७१ मीटर. आणि दहा मिनिटं ढग फाटले. समोर आलेच हिमनदी, आल्प्समधली सगळ्यात मोठी, वीस किलोमीटरहून लांब. मी एकतीस वर्षं फळ्यावर खडूने हिमनदी काढत आले, दोन हिमनद्या मिळाल्या की त्यांच्या कडेचे दगडगोटे एकत्र येऊन मधे काळा पट्टा होतो, मध्य हिमोढ म्हणायचं त्याला, परीक्षेत दोन मार्क. तो पट्टा लांब खाली, वळणावर, खरा दिसत होता. मी एकटीच मोठ्याने ‘अगं बाई’ म्हणाले, शेजारचे कोरियन काका माझ्याकडे बघायला लागले. ही हिमनदी गेल्या दीडशे वर्षांत तीनेक किलोमीटर आखडलीय, हेही तुमच्या लेखात हवं होतं. खाली आले तर मॅनेजर चिडलेला, मॅडम तुमच्यामुळे सगळे थांबलेत.

जाणाऱ्यांनी माझं ऐकायचं तर निदान एका बाजूने तरी जुन्या रस्त्याने जा. लाउटरब्रुननहून वेंगेन, मग क्लाइन शायडेग, मग आयगरच्या पोटात. वेळ जास्त लागतो पण शरीराला सवय होते, आणि लाउटरब्रुननची दरी म्हणजे पुस्तकातली यू आकाराची दरी, कड्यांवरून धबधबे सुटलेले. वेंगेनला गाड्या जातच नाहीत, आपल्या माथेरानसारखं, फक्त घोड्यांची लीद नाही. बोगद्यात आइसमेअर नावाच्या स्टेशनला ट्रेन पाच मिनिटं थांबते, डोंगराला खिडक्या पाडून काचा लावल्यात, तिथे बाहेर बर्फाच्या भेगा निळ्या दिसतात. आमचा अख्खा ग्रुप तिथे टॉयलेटच्या रांगेत होता.

बाकी लेख वाचनीय होता, चॉकलेटच्या दुकानाचं वर्णन जरा जास्तच झालं. पुढच्या रविवारी एक ओळीची दुरुस्ती तेवढी छापा, ‘शिखर’च्या जागी ‘खिंड’. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी तो लेख वाचला असेल तर ते मलाच फोन करून विचारतील, बाई, मग तुम्ही आम्हाला काय शिकवलं होतं?

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, सांगली