बादली पालथी ठेव

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी ‘आई, तू सगळ्यांना घाबरवतेस’ म्हणून फोन ठेवलास तो ठेवलासच. म्हणून लिहिते आहे. पत्र मध्येच तोडता येत नाही.

शुक्रवारी अप्पा मोतीबिंदूसाठी तुझ्याकडे येतायत आणि इरा चालायला लागलीये. घरात पडणं, भाजणं, नको ते गिळणं यात सापडतात ती पाचाच्या आतली पोरं आणि साठी-सत्तरी उलटलेली माणसं. तुझ्याकडे आता दोन्ही. अप्पांच्या हातून बीपीची गोळी पडली तर त्यांना दिसणार नाही, पण इराला बरोबर सापडेल. एवढ्याशा जिवाला एखादी गोळीही जड जाऊ शकते. लिमलेटच्या डब्यात गोळ्या ठेवायची त्यांची सवय काही जायची नाही, निदान तो डबा फ्रीजवर ठेव.

त्यांना पहाटे आंघोळ लागते. आधी कडकडीत पाणी सोडतात, मग गार. तू आधी उठून बादलीत गार भरून ठेव. ऑपरेशननंतर तर त्यांना जड उचलायचंही नाही, डोक्यावरून पाणीही नाही. गीझर ५० डिग्रीच्या वर नको. ६० डिग्रीचं पाणी मोठ्या माणसालाही पाचेक सेकंदांत भाजतं, इराची कातडी तर केवढी पातळ! आणि आंघोळ झाली की बादली पालथी. पाणीकपातीमुळे भरून ठेवायची सवय लागलीये, कळतं मला. पण या वयात पोरांचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. वाकून बघताना तोल गेला की वर येता येत नाही. वीतभर पाणी पुरतं, आणि आवाजही होत नाही.

बादलीचं नाव काढायचं नाही असं ठरवून बसले होते.

तू रांगायला लागलास तेव्हा वाड्यात बंब होता. निखाऱ्यांकडे तुझी सारखी धाव. अप्पा पूजेला बसले की स्वतःच्या जुन्या धोतराने तुला खांबाला बांधून ठेवायचे. तू सगळा वाडा डोक्यावर घ्यायचास. कुसुमताईंना ते अजिबात पसंत नव्हतं. मला होतं. त्याच अप्पांना आता उंबरा दिसत नाही.

भाजलंच कुणाला, तर लगेच नळाखाली, चांगली वीस मिनिटं. बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट तर नाहीच. मग डॉक्टर. जास्त असेल तर १०८.

झालं माझं व्याख्यान. रागावू नकोस. केतकीला यातलं सगळं माहीत असणार, म्हणूनच तिला न लिहिता तुला लिहिलं. तू स्वतः उभं राहून गॅलरीला जाळी लावून घेतलीस म्हणे. तिने सांगितलं. मी शेजारीपाजारी सांगून आले.

अप्पांबरोबर मेतकूट देतेय. बाथरूममध्ये रबरी मॅट घाल, रात्री पॅसेजचा दिवा चालू ठेव. बाथरूमला बाहेरून उंचावर कडी लाव, इराचा हात पोचणार नाही अशी. आतली मात्र काढून टाक, अप्पा पडले तर दार फोडत बसावं लागेल. ते चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत. तुझ्यासारखेच आहेत.

आई