बोटीवर ‘असू दे, लागेल’ म्हणून किती सामान भरायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बोट पाण्यात उतरवायची वेळ आली की धक्क्यावर दरवेळी एकच वाद, स्पेअर काय काय घ्यायचे. एक पार्टी म्हणते सगळं घ्या, समुद्रात दुकान नाही. दुसरी म्हणते कशाला पैसे अडकवून ठेवता, फोन आहे, बाकीच्या बोटी आहेत, कुणीतरी ओढून आणेलच. मला दोन्हीही पटत नाही म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांबलंय, कात्री लावलीत तरी राग नाही.

वस्तू महाग का स्वस्त, नेहमी मोडते का कधीतरी, हे सगळं नंतर बघा. आधी हे विचारा की ती गेली तर बोटीचं काय होईल, आणि ती बदलायचं काम हलत्या बोटीत, रात्री, आपल्याच माणसांना आपल्याच पान्यांनी जमणार आहे का. जमणार नसेल तर तो स्पेअर नाहीच, नुसतं वजन आहे. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं पातळ पॅड, घेऊन फिरणारे लोक मी बघतो आणि गंमत वाटते, कारण हेड उघडल्यावर ते परत ठराविक जोराने आवळायला टॉर्कचा पाना लागतो, तो बोटीवर नसतो, आणि असला तरी लाटेवर डोलणाऱ्या इंजिनवर ते काम कोण करणार. गिअरबॉक्सच्या आतले भाग, डिझेल पंप, यांचंही तेच. मोठी बोट असेल, आठ-पंधरा दिवस बाहेर राहणारी, वर इंजिनाचा जाणकार माणूस असेल, तर तपासून घेतलेले इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग, ठेवा, जरूर ठेवा. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला त्याची काही गरज नाही.

यादी करायला बसलं की पहिलं इंजिन आठवतं आणि तिथेच सगळे अडकतात. अहो इंजिन बंद पडलं तरी बोट तरंगत असते, पण तळाला भोक पडलं तर इंजिन चालू असून काय उपयोग. पाण्याखाली दोन फुटांवर दोन इंचाची नळी निसटली तर मिनिटाला दोनशे लिटरच्या वर पाणी आत येतं, हे गणित कुणीही मांडून बघावं. आणि बिल्ज पंपाच्या, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या, डब्यावर जो आकडा छापलेला असतो तेवढं पाणी तो कधीच फेकत नाही, कारण त्याला पाणी वर चढवायचं असतं, नळी वाकडीतिकडी असते आणि बॅटरी उतरलेली असते. म्हणून माझ्या यादीत सगळ्यात वर निमुळत्या लाकडी खुंट्या, तळाच्या प्रत्येक कॉकच्या, म्हणजे पाणी आत-बाहेर जायच्या व्हॉल्व्हच्या, मापाची एकेक, आणि ती त्या कॉकलाच दोरीने बांधलेली, पेटीत नाही. मऊ लाकूड पाण्यात फुगतं आणि भोकात गच्च बसतं. त्याच्या जोडीला होजच्या स्टीलच्या क्लिपा, होजचा एखादा हातभर तुकडा, पाण्याखाली घट्ट होणारी एपॉक्सी पुटी, आणि बिल्जचा हातपंप, त्याच्या जादा रबरी पडद्यासकट. पंख्याचा शाफ्ट जिथून बोटीबाहेर जातो त्या ग्लँडमधून थेंबाची धार झाली तर तिथलं पॅकिंग आणि ते काढायचा हुक, दोन्ही लागतात, नुसतं पॅकिंग घेऊन बसलात तर बोटांनी निघत नाही ते.

दुसरा नंबर हाक मारायच्या साधनांचा. फोनला किनारा सोडला की रेंज जाते, हे माहीत असून लोक फोनवरच विसंबतात. बोटीवर बसवलेला व्हीएचएफ, म्हणजे वायरलेस, सेट २५ वॅटचा असतो, हातातला ५ वॅटचा, पण बॅटरी बुडाली किंवा डोलकाठीवरची अँटेना मोडली की तो मोठा सेट मुका होतो आणि हातातलाच कामाला येतो. त्याच्यासाठी साधे सेल घालायचा ट्रे मिळत असेल तर घ्या, आणि मदत मागायचा १६ नंबरचा चॅनल कसा लावायचा हे तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याच्या, खालच्या माणसालाही माहीत पाहिजे. फ्लेअरवर, म्हणजे मदतीच्या इशाऱ्यासाठी पेटवायच्या नळकांड्यावर, तारीख छापलेली असते ती बघा. तारीख गेलेले जादा म्हणून राहू द्या असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण नेमक्या वेळी हातात तोच येतो आणि पेटत नाही, तेव्हा ते रीतसर जमा करून मोकळे व्हा.

तिसरं, आणि हे मी इंजिनाच्या स्पेअरच्याही वर धरतो, दुसरा नांगर. इंजिन गेलं आणि वारा खडकाकडे ढकलतोय, अशा वेळी नांगर तुम्हाला वेळ देतो, आणि वेळ असला तर बाकीची रिपेरी होते. पण तो दोरी-साखळीसकट तयार पाहिजे, खोलीच्या पाच ते सातपट दोर असेल तरच तो पकडतो, नाहीतर तळावरून घसरत राहतो. नांगर एका टोकाला, दोर जाळ्याखाली, दोर-साखळी जोडायची शॅकल गंजलेली, असा नांगर नसल्यासारखाच.

आता इंजिन. डिझेल इंजिन चालत असताना मुख्यतः तीन गोष्टींमुळे बंद पडतं किंवा बंद करावं लागतं, डिझेल खराब, गार पाणी येत नाही, नाहीतर पट्टा तुटला. यातलं डिझेलचं प्रकरण वाईट, कारण टाकीच्या तळाशी बसलेला गाळ आणि पाणी शांत समुद्रात खालीच पडून राहतं आणि लाटा वाढल्या की ढवळून वर येतं आणि फिल्टर चोंदतो, म्हणजे हवा बिघडते त्याच दिवशी इंजिनही मान टाकतं. आणि एक फिल्टर बदलून भागत नाही, गाळ टाकीत तसाच असतो, अर्ध्या तासात दुसरा चोंदतो. म्हणून फिल्टर एक नको, तीन-चार ठेवा. फिल्टर बदलल्यावर लाइनमध्ये हवा राहते ती काढावी लागते, त्यासाठीचा स्क्रू कुठला, त्याला कितीचा पाना लागतो आणि हाताने मारायचा पंप कुठे आहे, हे धक्क्यावर एकदा करून बघितलेलं असलं तर दहा-पंधरा मिनिटांचं काम, नसलं तर नवे फिल्टर हातात घेऊन नुसतं बसायचं.

पाण्याच्या पंपातला इम्पेलर म्हणजे रबराचं पातं-पातं असलेलं चक्र, किंमत फार नाही पण तो गेला की इंजिन तापतं. याचं काम नीट डोळ्यासमोर आणा. आधी बाहेरच्या पाण्याचा कॉक बंद. मग पंपाचं झाकण, त्याला पाच-सहा बारके स्क्रू, त्यातला एक हातातून सुटून बिल्जमध्ये जाणार हे धरूनच चाला, म्हणजे स्पेअरमध्ये स्क्रूही पाहिजेत. झाकणाखालचा कागदी गॅस्केट फाटतो, तोही पाहिजे. जुना इम्पेलर शाफ्टला घट्ट धरून बसलेला असतो, पकडीने ओढायचा. आणि मग तुटलेली पाती मोजायची, जेवढी कमी असतील तेवढे तुकडे पुढे नळीत किंवा कूलरच्या तोंडाशी अडकलेले असतात, ते काढले नाहीत तर नवा इम्पेलर बसवूनही इंजिन तापतच राहतं आणि माणूस म्हणतो पार्ट डुप्लिकेट निघाला. नवा बसवताना साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको, ग्रीस रबर खातं. शाफ्ट ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला इम्पेलर फिरवत, पाती मागच्या बाजूला वाकतील असा आत सरकवायचा. एवढं सगळं एका ‘इम्पेलर ठेवा’ या सल्ल्यात लपलेलं असतं, म्हणून मी म्हणतो वस्तू नाही, काम ठेवा, म्हणजे त्या कामाला जे जे लागतं ते एका पिशवीत, बाहेर नाव लिहून.

पट्ट्याचं तसंच. पुष्कळ इंजिनांत एकच पट्टा अल्टरनेटर आणि आतला पाण्याचा पंप दोन्ही फिरवतो, तो तुटला की चार्जिंगही गेलं आणि गारवाही गेला. मापावर विश्वास ठेवू नका, नवीन आणलेला पट्टा इंजिनला चढवा, चालवून बघा, आणि काढलेला जुना चांगल्या स्थितीत असेल तर तो स्पेअर म्हणून ठेवा. त्यामुळे नवा बसतो याची खात्री होते आणि जुना तर बसतच होता. इंजिनरूमच्या गरम भिंतीला खिळ्यावर पट्टे टांगून ठेवायची सवय मात्र सोडा, गरमीने रबर कडक होतं आणि लागतो तेव्हा चिरलेला निघतो.

फ्यूजबद्दल एकच, ५ अँपिअरचा उडाला म्हणून २० चा घालू नका, मग फ्यूजऐवजी वायर जळते. जादा बॅटरी नुसती कोपऱ्यात ठेवली तर आपोआप उतरते, तिला चार्जिंगवर फिरवत ठेवा नाहीतर न्यायचीच नाही. आउटबोर्डवाल्यांनी, म्हणजे मागे बाहेर टांगलेलं इंजिन असलेल्यांनी, प्लग, पंखा अडकला की तुटणारी शिअर पिन असेल तर ती, पंख्याचा नट आणि स्प्लिट पिन, एवढं खिशात मावेल इतकं ठेवलं तरी पुष्कळ.

जाळ्याचं काय, तर माझं मत लोकांना आवडत नाही. जाळं फाटलं तर दिवसाची कमाई जाते, जीव जात नाही. सुई, धागा, थोडे बोये, शिसं, शॅकल, ट्रॉलवाल्यांना, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्यांना, मासे साठतात तो जाळ्याचा एक जादा खोळ, बस. अख्खं दुसरं जाळं केबिनच्या टपावर चढवून नेणारे आहेत, ते भिजलं की वजन किती वाढतं याचा हिशोब कुणी करत नाही. वजन वर गेलं की बोट कलल्यावर सरळ यायला वेळ लावते. आणि डेकवर कडेला पिंपं, दोर, बॉक्स रचून पाणी जायची भोकं बुजवली की लाटेचं आलेलं पाणी बाहेर न जाता डेकवर या कडेपासून त्या कडेला फिरत राहतं, ते तर फारच वाईट. सुरक्षेसाठी म्हणून चढवलेलं सामानच कधी कधी बोट बुडवायला निघतं.

ठेवायचं कसं हाही प्रश्नच आहे. हवाबंद डबे, भागांना तेलाचा हात, पान्यांना सुद्धा, कारण गंजलेला पाना म्हणजे पाना नाहीच. कुठे काय आहे त्याचा कागद केबिनच्या दाराला आतून चिकटवा आणि सगळ्यात नव्या खलाशाला अंधारात टॉर्च घेऊन एखादी वस्तू आणायला पाठवा, तिथे कळतं तुमची व्यवस्था किती पाण्यात आहे. वापरलेला भाग त्याच दिवशी वहीत लिहायचा, नाहीतर पुढच्या फेरीला डबा रिकामा असतो आणि सगळ्यांना वाटत असतं की आहे. पैसे नाखवाचे, म्हणजे बोटमालकाचे, आणि हात तांडेलाचे, त्यामुळे यादी दोघांनी एकत्र बसून केलेली बरी, एकट्या नाखवाने केली की स्वस्त वस्तू येतात आणि एकट्या तांडेलाने केली की बोट भंगाराचं दुकान होते.

संपादकसाहेब, एक काम तुमच्याकडे. बोट भर समुद्रात बंद पडली अशी बातमी छापता तेव्हा त्यात ‘तांत्रिक बिघाडामुळे’ एवढंच असतं. नेमकं काय तुटलं, होज का फिल्टर का सुकाणूची केबल, आणि तो भाग बोटीवर होता का, होता तर का बसवता आला नाही, एवढं एक वाक्य तुमच्या वार्ताहराने विचारून टाकलं तर वाचणाऱ्या तांडेलांना स्वतःची पेटी उघडून बघायला कारण मिळेल. कुणाचं नाव छापायची गरज नाही, पार्टचं छापा.

आपला,
एक जुना तांडेल