वजनकाट्याआधी कमरेला टेप लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लठ्ठपणा आणि शुगर यावर आपल्या आरोग्य पुरवणीत लेख येतात, त्यांची कात्रणं मी जपून ठेवतो. पण सोबतची चित्रं चांगल्या जाडजूड माणसांची असतात. ती पाहून आमच्या गावातला शेतकरी पान उलटतो. माझा धाकटा भाऊही तसाच. ‘मले कायची शुगर? मी त काडीवानी हाओ,’ म्हणायचा. उंची साडेपाच फूट, वजन 61 किलो. गेल्या वर्षी तुरीच्या सवंगणीत पायात खुंट घुसला, जखम महिनाभर भरेना, तेव्हा कुठे रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर 214 निघाली. हातपाय बारीक, पण पोटाचा घेर टेपने मोजला तर 98 सेंटिमीटर! पँट मात्र 34 नंबरची, कारण पट्टा ढेरीच्या खाली.

त्याआधी गावात तपासणी शिबिर झालं होतं. तिथे त्याचं वजन घेतलं, बीपी बघितला आणि ‘वजन बरोबर आहे’ म्हणून घरी पाठवलं. आशाताई भरतात त्या फॉर्ममध्ये कमरेच्या घेराचा रकाना असतो, त्याला गुणही असतात. तो रकाना त्या दिवशी नजरेच्या अंदाजाने भरला गेला. मी शेजारीच उभा होतो आणि गप्प राहिलो, हे मला आजही लागतं.

चरबी म्हणजे अंगावर चढलेला निर्जीव थर, असा आपला समज आहे. खरं तर चरबीची पेशी ही शरीराची कणगी आहे, आणि ती बोलणारी कणगी आहे. जेवल्यावर इन्सुलिन वाढतं, पेशी चरबी आत घेऊन दार लावते. रात्री किंवा उपासाला इन्सुलिन उतरलं की दार किलकिलं होतं आणि स्नायूंना जाळायला चरबी मिळते. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात. माणूस दुष्काळातून तगला तो याच साठ्यावर. ही पेशी मेंदूला निरोपही धाडते. लेप्टिन नावाचं ते संप्रेरक 1994 मध्ये सापडलं. साठा पुरेसा आहे, भूक आवर, असा त्याचा सांगावा असतो. लठ्ठपणात लेप्टिन भरपूर असतं, पण मेंदू त्याला दाद देईनासा होतो. नुसतं ‘कमी खा’ म्हटल्याने भागत नाही, ते यामुळेही.

कणगी गच्च भरली की बिघाड सुरू होतो. फुगलेल्या पेशी इन्सुलिनचं ऐकत नाहीत, दार नीट लागत नाही, चरबी रक्तात पाझरत राहते आणि यकृतात, स्नायूंत जाऊन बसते. तिथे तिची जागाच नाही. मग स्नायू साखर नीट उचलत नाहीत, आणि यकृत रात्रभर साखर तयार करून रक्तात सोडत राहतं. सकाळी उपाशीपोटी साखर चढलेली दिसते, ती अशी. भावाला हेच कोडं होतं: ‘राती अर्धी भाकर खाल्ली, मंग साखर आली कुठून?’ शिवाय फुगलेल्या चरबीत सूज धरते, आणि इन्सुलिनला मदत करणारं ॲडिपोनेक्टिन हे संप्रेरक कमी होतं.

म्हणून चरबीला सरसकट वैरी म्हणणंही मला पटत नाही. एका दुर्मिळ आजारात अंगावर चरबीच जवळजवळ नसते, आणि त्या रुग्णांना तीव्र मधुमेह होतो. कणगीच नाही, तर धान्य ठेवणार कुठे? आपल्याकडच्या बारीक माणसांची अडचण याच्या जवळची आहे. कातडीखालच्या कणग्या लवकर भरतात आणि भार पोटात जातो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं तपासली. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5. एवढी हलकी बाळं, पण कमतरता जास्त करून स्नायूंत होती. चरबी त्या मानाने टिकून होती. आमच्या पिढीतली किती बाळं अशीच जन्मली असतील!

त्यात कामही बदललं. डवरणी, निंदण तणनाशकाने कमी केलं, बैलजोडी गेली, ट्रॅक्टर आला. राबणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतो, ती सोय गेली. जेवण मात्र पूर्वीच्या राबत्याचंच राहिलं, वर दिवसातून चार वेळा गोड चहा.

आपल्याला विनंती एवढीच की, पुरवणीत पहिल्या पानावर एक चौकट छापावी. पुरुषाचा घेर 90 सेंटिमीटरच्या, बाईचा 80 च्या वर गेला की रक्त तपासून घ्यावं, मग वजन कितीही असो. शिंप्याची टेप चालते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजायचं. 1 मेच्या ग्रामसभेत प्रत्येक शिबिरात टेप लावण्याचा विषय मी मांडणार आहे. त्याआधी चौकट छापून आली, तर तीच तिथे वाचून दाखवीन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. आर्णी, जि. यवतमाळ